कोल्हा, बंदुकीची गोळी आणि एक युरो

भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेला एक माणूस मोटारसायकलींचे सुटे भाग विकायला बसतो आणि पन्नास वर्षांनी त्याचे आडनाव अडचणीतल्या कंपन्या व थकलेली कर्जे विकत घेणाऱ्या गुंतवणूकसंस्थेच्या ताब्यात जाते. हा धागा त्या आडनावाच्या प्रवासाचा आहे.

मोटोक्रॉस म्हणजे चढउतारांनी आणि चिखलाने भरलेल्या कच्च्या मातीच्या मार्गावरची मोटारसायकल शर्यत. गाडी हवेत उडते आणि पुष्कळदा स्वार तिच्यापासून वेगळा होऊन खाली येतो. म्हणून शिरस्त्राण, गॉगल, छातीचे कवच आणि जाड बूट ही येथे हौस नसून गरज असते. तरीही त्या कपड्यांचे रंग मात्र जत्रेतल्यासारखे भडक असतात. हा भडकपणा रूढ करणाऱ्यांत जेफ फॉक्स यांचा वाटा मोठा.

१९७४ साली कॅलिफोर्नियातील कॅम्पबेल या गावी त्यांनी ‘मोटो-एक्स फॉक्स’ हे दुकान काढले. आधी युरोपीय गाड्यांचे सुटे भाग विकणे, मग इंजिनाचे भाग स्वतः बनवणे असा क्रम होता. आपले भाग टिकतात हे जगाला पटवण्यासाठी १९७७ मध्ये त्यांनी स्वतःचा शर्यतसंघच अमेरिकेच्या १२५ सीसी स्पर्धेत उतरवला. संघाचा वेश लाल, केशरी आणि पिवळा. प्रेक्षकांना इंजिनाच्या भागांपेक्षा तो वेशच अधिक भावला आणि ते तो मागू लागले. कंपनी कपड्यांकडे वळली ती अशी. बाजारपेठेच्या अभ्यासातून नव्हे, तर मातीच्या मैदानावर. कोल्ह्याच्या मुखाचे ते चिन्ह पुढे रिकी कारमायकेलच्या अंगावर दिसले. २००२ च्या राष्ट्रीय २५० सीसी मालिकेत या स्वाराने चोवीसच्या चोवीस फेऱ्या जिंकल्या.

(एक आडवाट. जेफ यांचे बंधू बॉब फॉक्स यांनी हवेच्या दाबावर चालणारे शॉकअॅब्सॉर्बर बनवले. केंट हॉवर्टनने १९७६ चे ५०० सीसी विजेतेपद त्यांच्याच आधाराने मिळवले. बॉब यांची ‘फॉक्स फॅक्टरी’ ही निराळी कंपनी. २००८ मध्ये ती कंपास डायव्हर्सिफाइडने घेतली आणि २०१३ मध्ये ती शेअरबाजारात आली. जाणकारही या दोन फॉक्सांची गल्लत करतात.)

जेफ यांच्या कंपनीचा कारभार मुलांच्या पिढीकडे गेला आणि चार दशके ती घरचीच राहिली. २०१४ च्या अखेरीस अल्टामाँट कॅपिटल या प्रायव्हेट इक्विटी संस्थेने तीत भांडवल घातले. आठ वर्षांनी, २०२२ मध्ये, अल्टामाँटने फॉक्स विकली. मूळ किंमत ५४ कोटी डॉलर, आणि पुढची कामगिरी चांगली झाल्यास आणखी ५ कोटींपर्यंत. घेणारी कंपनी होती व्हिस्टा आउटडोअर, म्हणजे फेडरल आणि रेमिंग्टन या नावांनी बंदुकीच्या गोळ्या विकणारी.

हे सोयरीक जुळवणे विचित्र होते आणि त्याची किंमत व्हिस्टाच्या इतर नावांनी आधीच चुकवली होती. शिरस्त्राणांसाठी विख्यात असलेली ‘बेल’ २०१६ पासून व्हिस्टाकडे होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंडच्या शाळेत गोळीबारात सतरा जण मारले गेले. त्यानंतर आरईआय या मोठ्या ग्राहक-सहकारी दुकानसाखळीने व्हिस्टाच्या नव्या मागण्या थांबवल्या. त्यांत बेल होती, जिरो होती, पाण्याच्या पिशव्या बनवणारी कॅमलबॅकही होती. डोके वाचवणाऱ्या वस्तूने बंदुकीच्या मालकीचा दंड भरला. वस्तूत काहीच बदलले नव्हते.

पुढे व्हिस्टाची दोन शकले झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोळ्यांचा धंदा चेक उद्योगसमूह सीएसजीकडे गेला. उरलेली नावे ‘रेव्हेलिस्ट’ या नव्या छत्राखाली जानेवारी २०२५ मध्ये स्ट्रॅटेजिक व्हॅल्यू पार्टनर्सने घेतली. धाग्याच्या आरंभी उल्लेखलेली संस्था ती हीच. या संपूर्ण गाठोड्याचे मोल ठरले ११२.५ कोटी डॉलर. येथे थोडे अंकगणित करून पाहावे. फॉक्ससाठी ५४, कॅमलबॅकसाठी ४१.२५, बेल-जिरोच्या गटासाठी ४० कोटी. या तीनच खरेद्यांची बेरीज १३५.२५ कोटी होते, आणि गाठोड्यात याखेरीज आणखी बरीच नावे होती.

एवढे मोल गेले कुठे? काही अंशी ते कधी नव्हतेच. टाळेबंदीच्या काळात लोक सायकली, दुचाकी आणि रानवाटांकडे धावले. तो पूर कायमचा समजून कंपन्यांच्या किमती बांधल्या गेल्या. पूर ओसरला, गोदामे भरलेली राहिली आणि व्याजदर चढले.

कर्जावर घेतलेल्या कंपनीला तर दुहेरी फटका बसतो. समजा, कोणी आंब्याची बाग घेतली, किमतीचा मोठा वाटा कर्जाने उभा केला आणि ते कर्ज बागेच्याच माथी मारले. मोहोर धरला तर हप्ते फिटतात आणि घेणारा बाग चढ्या भावाने पुढच्याला विकून मोकळा होतो. मोहोर गळला तर खत तोडले जाते, राखणदार कमी होतात आणि शेवटी सावकार कुंपणाशी उभा राहतो.

इटलीच्या दाइनेझेत नेमके हेच घडले. लिनो दाइनेझे यांनी १९७२ मध्ये व्हिचेन्सा जिल्ह्यातील मोल्वेना गावी कंपनी काढली. पहिली वस्तू मोटोक्रॉसची चामडी विजार! २०१४ मध्ये बहारीनच्या इन्व्हेस्टकॉर्पने ८० टक्के हिस्सा १३ कोटी युरोंना घेतला आणि २०२२ मध्ये कार्लाइलने कंपनीचे मोल ६३ कोटी ठरवले. २०२५ मध्ये कर्ज देणाऱ्या एचपीएस आणि आर्कमाँट यांनी ती ताब्यात घेतली. नाममात्र किंमत, एक युरो.

यात खलनायक शोधण्याचा मोह होतो, पण तो अर्धवट ठरेल. विकणाऱ्या घराण्यांनी राजीखुशीने विकले, आणि त्यांना तो अधिकार होता. आयुष्यभर घातलेला पैसा म्हातारपणी मोकळा करावासा वाटणे हा गुन्हा नव्हे. खरा फरक वेळेच्या हिशेबात आहे. गुंतवणूकसंस्थेचा निधी ठरावीक वर्षांनी परत करायचा असतो, म्हणून खरेदीच्या दिवशीच विक्रीची तारीख मनात असते. घसरलेला बूट पुन्हा शिवून पुढच्या हंगामात उतरवण्याची सवड त्या हिशेबात क्वचितच बसते. त्याच वेनेतो प्रांतात, आसोलो गावी, सान्ते माझारोलो यांनी १९६३ मध्ये गिर्यारोहणाच्या बुटांपासून आरंभ करून मोटोक्रॉसचे बूट घडवले. ती अल्पाइनस्टार्स आज मुलगा गाब्रिएले चालवतो.

आणि लिनो दाइनेझे? कंपनी विकल्यावर ते स्वस्थ बसले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी व्हिचेन्सातच ‘डी-एअर लॅब’ ही छोटी प्रयोगशाळा उघडली. शर्यतीतल्या स्वारांसाठी विकसित झालेली, पडताक्षणी फुगणारी हवेची पिशवी आता उंचावर काम करणाऱ्या मजुरांना आणि पडण्याचा धोका असलेल्या वृद्धांना कशी उपयोगी पडेल, याचा शोध तेथे घेतला जाऊ लागला.