इंजिनाचा गव्हर्नर आणि फोनचा गाभा

डिझेल इंजिनाचा गव्हर्नर आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पंपावर भार वाढला की तो इंजिनाला तेल जास्त सोडतो, भार उतरला की कमी करतो. त्याच्या स्प्रिंगचा ताण बिघडला तर इंजिन एक तर धापा टाकते, नाही तर विनाकारण भणभणत डिझेल पिते. तो ताण जुळवायला आपण कारखान्याची परवानगी मागत नाही. गावातला फिटर येतो, झाकण काढतो, कान देऊन आवाज ऐकतो, पाना फिरवतो आणि वाडीला पाणी सुरू होते.

आता तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्येही असाच गव्हर्नर असतो, असे मी म्हटले तर आपण हसाल. पण ही थट्टा नव्हे. फोनच्या प्रोसेसरने केव्हा जोरात धावायचे आणि केव्हा मंद व्हायचे हे ठरवणारा एक भाग आत असतो, आणि तंत्रज्ञ त्याला गव्हर्नर असेच म्हणतात. हा गव्हर्नर जिथे बसतो त्या भागाचे नाव कर्नल. बियांच्या आतल्या गराला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच हा. आपण त्याला गाभा म्हणू.

हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तेव्हा माझी आई भाताला पाखड देत बसली होती. पुतण्या मला सांगत होता, "काका, या टॅबलेटचा कर्नल बदलतो." आई म्हणाली, "कर्नल बदलतोस? कुठल्या पलटणीतला रे?" पडवीत सगळे हसले. पण पुढच्या दोन-चार दिवसांत आम्ही जे पाहिले ते आपल्यासारख्या शेतकरी घरांना सांगण्यासारखे आहे, म्हणून लिहीत आहे.

आधी गाभा म्हणजे काय ते पाहू. फोनवर दिसणारी चित्रे, गाणी, हवामान, बाजारभाव ही झाडाची पाने-फळे. खालची माती म्हणजे बॅटरी, पडदा, कॅमेरा, स्पीकर, प्रोसेसर ही यंत्रसामग्री. या दोहोंच्या मध्ये राहून मातीतले वर पोचवणारा तो गाभा. अँड्रॉइड नावाच्या सगळ्या फोनांत हा गाभा लिनक्स नावाचा असतो. फिनलंडमधील हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या मुलाने १९९१ साली तो लिहायला घेतला, आणि पुढच्याच वर्षी असा परवाना देऊन जगाला दिला की, कोणीही तो पाहावा, बदलावा, वाटावा. मात्र जो बदललेला गाभा दुसऱ्याला देईल, त्याने त्याची मूळ लिखावटही मागणाऱ्याला दिली पाहिजे. पहिला अँड्रॉइड फोन बाजारात आला २००८ साली. त्याच्या पोटात हाच गाभा होता, आणि आज म्हसळ्याच्या बाजारात मिळणाऱ्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच आहे.

म्हणजे पाहा, फोन कंपनीचा, पण गाभ्याचे बियाणे सगळ्यांचे. म्हणूनच जगभरची हौशी मंडळी कंपन्यांनी दिलेली लिखावट घेतात, तिच्यात सुधारणा करतात आणि आपला वेगळा गाभा तयार करतात. कोणी गव्हर्नर बदलतो, कोणी प्रोसेसरला लागणारा विजेचा दाब थोडा उतरवतो, कोणी बॅटरी ठराविक टक्क्यांवर भरणे थांबेल अशी सोय करतो.

आता आमच्या घराची गोष्ट. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या वाड्यांत सुपारी आणि नारळ कसे आडवे झाले हे ज्यांनी पाहिले त्यांना सांगायला नको. विजेचे खांब पडले आणि कित्येक दिवस अंधार राहिला. मुंबईला असलेल्या माणसांना "आम्ही सुखरूप आहोत" एवढे कळवायचे, तर त्यासाठी फोन जिवंत हवा. जनरेटर जिथे असेल तिथे चार्जिंगला रांग लागे. त्या दिवसांत आमच्या पुतण्याच्या मनात प्रश्न आला, की फोन नुसता पडून असतानाही बॅटरी का उतरते? पुढे तो आयटीआयला गेला, पण तो प्रश्न त्याने सोडला नाही.

घरात एक जुना टॅबलेट होता. माझ्या थोरल्या भावाने आखातातून येताना आणलेला. वडील हयात असताना गणपतीत त्यावर फोटो काढलेले. पुढे तो इतका मंद झाला की एक पान उघडायला चहा होऊन जाई, आणि सकाळी भरलेली बॅटरी दुपारच्या जेवणाआधी संपे. दुरुस्तीच्या एका दुकानात दाखवला तर सांगितले, "हा आता फेकायचा. नवा घ्या." धाकट्या पुतणीचा अभ्यास त्यावर चाले. नवा घ्यायचा म्हणजे भाताचे पैसे हातात आल्यावरची गोष्ट.

पुतण्याने सांगितले ते असे. टॅबलेट सुरू होताना सगळ्यांत आधी जो पहारेकरी जागा होतो त्याला बूटलोडर म्हणतात. त्याला कुलूप असते, आणि कंपनीने शिक्का मारलेलाच गाभा तो आत सोडतो. ते कुलूप आधी उघडावे लागते. काही कंपन्या उघडू देतात, काही अर्ज करायला लावतात, काही मुळीच देत नाहीत. आणि कुलूप उघडले की आतला सगळा साठा पुसला जातो.

हे शेवटचे वाक्य ऐकताच आईने सूप खाली ठेवले. म्हणाली, "पोरा, तुझ्या आजोबांचे फोटो आधी बाहेर काढ. ते दोन जागी ठेव. मला दाखव. मग तुझा कर्नल बदल, नाही तर मेजर बदल."

तिने पोथीतली गोष्ट सांगितली नव्हती, शेतातली सांगितली होती. बियाणे कणगीत राखल्याशिवाय आपण नवे वाण पेरत नाही. पुतण्याने फोटो एका मित्राच्या संगणकावर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवले, एकेक उघडून आजीला दाखवले, आणि मगच कुलूप उघडले.

दुसरे काम त्याने केले ते मूळच्या गाभ्याची प्रत काढून ठेवण्याचे. फोनमध्ये गाभा ज्या कप्प्यात असतो त्याला बूट कप्पा म्हणतात. तो जसाच्या तसा उतरवून त्याने संगणकावर ठेवला. मग त्याने टॅबलेट रूट केला. रूट म्हणजे मूळ. संगणकाच्या दुनियेत सर्वाधिकार असलेल्या खात्याला रूट असे नाव आहे. गाभा बदलायला रूट लागतेच असे नाही, उघडलेला बूटलोडर पुरतो. पण बसवलेल्या गाभ्याच्या खुंट्या नंतर पिळायच्या तर रूट हवे. इथे मात्र सावध व्हा. रूटचा अधिकार एखाद्या ॲपला देणे म्हणजे त्याला कुलमुखत्यारपत्र लिहून देणे. ज्याला आपण सातबारा हातात देणार नाही, त्याला हे देऊ नये.

मग नवा गाभा चढवला. टॅबलेट सुरू केला. कंपनीचे चिन्ह आले, गेले, पुन्हा आले, पुन्हा गेले. अर्धा तास हाच खेळ. पुतणी रडवेली झाली. पुतण्याच्या कपाळावर घाम. शेवटी कळले ते असे की, त्या टॅबलेटचे एकाच नावाचे दोन नमुने निघाले होते, एक सिमकार्डचा आणि एक बिनसिमकार्डचा. उतरवलेला गाभा दुसऱ्या नमुन्याचा होता. हापूसची म्हणून आणलेली कलमे रायवळ निघावीत तसे झाले, आणि तेही चिठ्ठीवर बरोबर नाव असताना.

पण मूळची प्रत जवळ होती. त्याने टॅबलेट संगणकाला जोडला, जुना गाभा परत त्याच्या कप्प्यात घातला, आणि पाच मिनिटांत टॅबलेट पहिल्यासारखा उठून बसला. दुसऱ्या दिवशी त्याने नमुन्याचा क्रमांक टॅबलेटच्या पाठीवरून वाचून, अँड्रॉइडची आवृत्ती जुळवून, बरोबर गाभा शोधला. या खेपेला त्याने आणखी एक युक्ती केली. गाभा कायमचा न बसवता संगणकावरून एकदाच चालवून पाहिला. पुष्कळ यंत्रांत अशी सोय असते. आवाज, पडदा, वाय-फाय, कॅमेरा सगळे तपासले, आणि मगच तो कायम केला.

फळ काय मिळाले? टॅबलेट नवा झाला नाही. म्हातारी बॅटरी कोणत्याही गाभ्याने तरुण होत नाही. पण गव्हर्नर मवाळ ठेवला, कमाल वेग थोडा उतरवला, तेव्हा दुपारी संपणारी बॅटरी दिवेलागणीपर्यंत जाऊ लागली. पुतणीचा अभ्यास त्यावर पुढची दोन वर्षे झाला. पैसा वाचला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातल्या एका मुलाला कळले की, यंत्राचे झाकण उघडता येते.

आपण म्हणाल, हे पोरांचे उद्योग. तर एक दाखला देतो. २०१२ साली सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश-२ नावाचा स्वस्त टॅबलेट काढला, तो आठवत असेल. त्याचे काम मुंबईत पवईच्या आयआयटीत चाले, आणि प्राध्यापक दीपक फाटक त्याचे प्रमुख होते. सात इंची पडदा, ५१२ मेगाबाइट स्मृती, वर अँड्रॉइड. पवईच्या तरुण मंडळींनी त्या टॅबलेटसाठी लिनक्सचा गाभा स्वतः बांधला आणि संगणकावर चालते तसली पूर्ण लिनक्स प्रणाली त्यावर चालवून दाखवली. त्यातली खुबी अशी की, त्या टॅबलेटचा प्रोसेसर सुरू होताना आधी मेमरी कार्डात डोकावत असे. म्हणून नवी प्रणाली कार्डावर ठेवायची. कार्ड घातले तर नवी, काढले तर मूळची जशीच्या तशी. म्हणजे पवईच्या विद्वानांनीही मूळचे बियाणे राखूनच नवे पेरले. आमच्या आईचे आणि आयआयटीचे मत एकच पडले.

आणि हा प्रश्न फक्त फोनचा नाही. आजचे ट्रॅक्टरही प्रोग्रामवर चालतात. अमेरिकेत ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, पण आतल्या प्रोग्रामला कंपनीचे कुलूप, आणि ते तोडणे कायद्याने अडचणीचे, अशी गत झाली होती. स्मार्टफोनचे कुलूप उघडण्याची सूट तिथे २०१० साली मिळाली होती. २०१५ साली टॅबलेटला ती मिळाली आणि त्याच निर्णयात, दुरुस्तीपुरती, ट्रॅक्टरलाही मिळाली. आपल्या देशात केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिने पहिल्यांदा निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारे आणि मोबाइल ही दोन्ही आहेत. म्हणजे पुतण्याचा टॅबलेट आणि तुमचा ट्रॅक्टर एकाच पंक्तीला बसले आहेत.

आता चार गोष्टी स्पष्ट सांगतो.

ज्या फोनवर घरचा पैसा आहे, बँकेचा ओटीपी येतो, पिकाची ई-पीक पाहणी होते, त्या फोनला हात लावू नका. बूटलोडर उघडलेला किंवा रूट केलेला फोन पुष्कळ बँकांची ॲप ओळखतात आणि चालायचे नाकारतात. त्यांचे चुकतही नाही, कारण कुलूप मोडलेल्या पेटीत दागिने कोण ठेवील? आमच्याही टॅबलेटवर बँकेचे काहीही ठेवलेले नाही.

फोन हमीच्या मुदतीत असेल तर मुदत संपेपर्यंत थांबा. कुलूप उघडल्यावर हमी नाकारली जाऊ शकते, आणि काही कंपन्यांच्या फोनांत कुलूप उघडल्याची खूण आत कायमची उमटते, ती नंतर पुसता येत नाही.

गाभा कोणी बांधला, त्याची मूळ लिखावट उघडी ठेवली आहे का, आपल्याच नमुन्याच्या लोकांनी तो वापरला आहे का, हे पाहिल्यावाचून घेऊ नका. बिनखुणेच्या पिशवीतले बियाणे आपण घेत नाही, तोच नियम इथे लावा.

आणि चौथी गोष्ट आईबापांसाठी. मुलगा मोबाइल घेऊन बसला म्हणजे वाया चालला असे धरून चालू नका. त्याला विचारा, काय करतोस? तो खेळत असेल तर रागवा. पण तो यंत्राचे पोट समजून घेत असेल, तर घरातले एखादे जुने, निकामी ठरलेले यंत्र त्याच्या हाती द्या. बिघडले तर बिघडले. आपल्यातल्या पुष्कळांना इंजिनाचा गव्हर्नर जुळवायला कोणी शाळेत शिकवले नव्हते. कोणीतरी आपल्या हातात पाना दिला होता, आणि पाठीशी उभे राहून पाहिले होते. तो पाना आता वेगळ्या धातूचा आहे, एवढेच.