एल्व्हास: पाण्यावर तगलेला किल्ला

आलेंतेजूचा ऑलिव्हच्या बागांचा मुलूख ओलांडून स्पेनच्या हद्दीजवळ पोचलं, की पोर्तुगालचं एल्व्हास लागतं. समोर हाकेच्या अंतरावर स्पेनचं बादाखोस. या शेजारापायीच एल्व्हासने तटामागे तट चढवले.

पण आधी नजरेत भरतो तो आमोरेराचा जलसेतू. कमानींवर कमानी असे चार मजले, सर्वांत उंच ठिकाणी ३१ मीटर. खांबांना बाहेरून दगडी धिरे दिलेले आहेत. अगदी जवळ गेलं की त्यांची जाडी पाहून छाती दडपते. सोळाव्या शतकात फ्रान्सिस्को दि आरूदाने हे काम हाती घेतलं. लिस्बनचा बेलेंचा मनोरा बांधणारा तोच हा. सुमारे सात किलोमीटरवरून आणलेलं पाणी गावात खेळलं ते १६२२ मध्ये. पैसा उभा राहिला गावकऱ्यांवर बसवलेल्या खास करातून. गडासाठी जागा निवडताना आधी पाणी पाहावं, असं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र बजावतं. इथे मोक्याची टेकडी आधीच ठरलेली होती, म्हणून पाणीच तिच्यापर्यंत चालत आणलं.

त्याची खरी किंमत पुढे कळली. साठ वर्षं स्पेनच्या राजाखाली काढून १६४० मध्ये पोर्तुगाल उठला, आणि माद्रिद-लिस्बन वाटेवरचं एल्व्हास थेट तोफांच्या तोंडी आलं. कोस्मांदर नावाच्या जेझुइट गणितज्ञाने नव्या तटांची आखणी केली: उंची कमी, जाडी भरपूर, आत मातीचा भराव, पुढे कोरडा खंदक. बुरूज गोल नाहीत, बाणाच्या टोकासारखे आहेत. एका बुरुजावर उभं राहिलं की शेजारच्या बुरुजाची अख्खी बाजू दिसते. तटाला भिडलेल्या शत्रूला लपायला कोपराच उरत नाही. हाच कोस्मांदर पुढे स्पेनच्या हाती लागला, त्यांच्या बाजूने लढू लागला आणि १६४८ मध्ये जवळच्या ओलिव्हेन्सावरच्या हल्ल्यात मारला गेला.

१६५८ च्या शरदात स्पॅनिश फौजेने गावाला वेढा घातला. आत रोगाची साथ पसरली, माणसं पटापट मरू लागली, तरी गाव हटलं नाही. अखेर १४ जानेवारी १६५९ रोजी मदतीला आलेल्या पोर्तुगीज सैन्याने वेढा मोडला. त्या तारखेला एल्व्हासमध्ये आजही सुट्टी असते.

वेढ्यात शत्रूने उत्तरेची टेकडी धरून तिथून गावावर तोफा डागल्या होत्या. तो धडा घेऊन काउंट लिपेच्या देखरेखीखाली १७६३ पासून त्याच माथ्यावर ग्रासाचा किल्ला उभा राहिला. पुढे तिथे लष्करी तुरुंग होता. आता दुरुस्ती होऊन किल्ला पाहायला खुला आहे. चढण अंगावर येते, पण ती टाळू नये. वरून खालचं गाव किती उघडं पडतं ते दिसतं, आणि एवढे भक्कम तट असूनही ही टेकडी ताब्यात ठेवणं का भाग होतं, ते नकाशाशिवाय समजतं.