कळ नेमकी कुठे असते?

पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मोटार, रेग्युलेटर, बटण, वायर हवी तेवढी मिळेल. 'कळ' मागितली तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. तरीही विचित्र, हलत्या-फिरत्या करामतींसाठी मराठीत याहून नेमका शब्द नाही. 'यंत्र' भारदस्त आहे, 'यम्' म्हणजे आवरणे या धातूपासून आलेला, आणि त्याच्या पोटात श्रीयंत्रापासून छापखान्यापर्यंत काहीही मावते. 'कळ' मात्र 'कला'पासून आली असे मानतात. हिंदीत ती 'कल-पुर्जे' झाली, बंगालीत कारखान्यापासून पाण्याच्या नळापर्यंत पसरली. मराठीने तिला बहुतेक एका जागेपुरते ठेवले: जिथे दाबले की बाकीचे सारे आपोआप चालू लागते, ती जागा. पेठेतल्या गणपतींचे हलते देखावे पाहा. राक्षसाचा हात वर जातो, खाली येतो. आत मोटार बिचारी नुसती गोल फिरत असते. चाकावर मध्य सोडून बसवलेला एक खिळा आणि त्याला अडकवलेला दांडा त्या गरगरण्याचे वर-खाली करतात. खिळा बरोबर मध्यावर ठोकला तर राक्षस जागचा हलणार नाही. मोटार म्हणजे शक्ती. कळ म्हणजे तो बाजूला सरकलेला खिळा. सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले; त्यांनी घडवलेल्या लाकडी बाहुल्यांना 'कळसूत्री' म्हणतात, 'यंत्रसूत्री' नव्हे, ते उगाच नाही.

यावर कोणी म्हणेल की पोटात येणारी कळ आणि कळीचा नारद यांचे काय? नारदाची कळ कलि-कलहाच्या घरची, दुखण्याची आणखी निराळी. उच्चार एक म्हणून गोत एक होत नाही. 'कळणे'शी नाते जोडण्याचा मोहही होतो, पण तेवढ्यावर व्युत्पत्ती उभी करू नये. मात्र बोलणारा माणूस व्युत्पत्ती विचारून बोलत नाही, आणि 'त्याची कळ मला ठाऊक आहे' या वाक्यात यंत्र, वर्म आणि जाणणे एकाच वेळी ऐकू येतात. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: शब्द व्यवहारातून गेला, 'बटण' आले. खरे आहे, पण संगणकाने त्याला 'कळफलका'वर पुन्हा जागा दिली. तिथे एक गोष्ट मात्र हरवली. कळफलकावरची प्रत्येक कळ उघड असते, वर अक्षर छापून. शोधावी लागत नाही ती निम्मीच कळ.