एकाच भिंगाचा कॅमेरा

हातात मोबाईल असताना कॅमेरा कशाला, हा प्रश्न आमच्या विहाराच्या बैठकीत महिला मंडळाच्या ताईंनी विचारला आणि तो रास्त होता. पैसा वर्गणीचा. वस्तीत कुणी चार घरची धुणीभांडी करते, कुणी रिक्षा चालवतो, कुणी सकाळी नाक्यावर उभा राहतो. त्यांच्या पन्नास-शंभर रुपयांतून जमलेली रक्कम हौसेवर उधळण्याचा अधिकार कुठल्याही कार्यकर्त्याला नाही.

तरीही आम्ही कॅमेऱ्याचा आग्रह धरला. एक कारण बोधगया. जुलै २०१३ मध्ये महाबोधी विहारात बॉम्बस्फोट झाले आणि पुढे तिथे मोबाईल आत नेण्यास बंदी आली. फोन बाहेर जमा करावा लागतो, कॅमेरा मात्र तिकीट काढून नेता येतो. (नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी चौकशी करावी.) दोन-दोन वर्षे पैसे साठवून आपल्या आयाबहिणी धम्मयात्रेला निघतात आणि बोधिवृक्षासमोर उभे राहिल्यावर फोटोसाठी हातात काही नसते.

दुसरे कारण जिव्हारी लागणारे. वस्तीतील एक आजोबा वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी फोटो हवा होता. नातवाच्या फोनमध्ये होते, पण फोन बिघडला तसे फोटोही गेले. शेवटी कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममधून, घोळक्यातला त्यांचा चेहरा कापून मोठा केला. डोळे कुठे आणि नाक कुठे ते धड कळेना. ज्यांनी उभी हयात १४ एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा धरला, त्यांचा एक नीट फोटो समाजाजवळ नव्हता. आजी त्या फोटोकडे बघून एवढेच म्हणाल्या, "हे असे नव्हते दिसत." त्यानंतर वर्गणीला कुणी नकार दिला नाही.

कोणता घ्यायचा यावर मात्र खरी वादावादी झाली. तरुण मुलांना तीसपट झूमचा हवा होता. लांबचे सगळे जवळ ओढून आणतो म्हणे. आमचे मत नेमके उलटे. ६ डिसेंबरला दादरला लाखो लोक येतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बहुधा कुठल्या तरी इमारतीवरून काढलेला फोटो येतो. त्यात नुसती डोकी दिसतात, नाहीतर रस्त्यावरचा कचरा. रात्रभर रेल्वेने आलेली बाई शिवाजी पार्कच्या पुस्तकांच्या स्टॉलसमोर चष्मा पुसून कोणते पुस्तक उचलते, हे त्या फोटोत येत नाही. ते टिपायचे तर तिच्याजवळ जावे लागते, आधी जयभीम घालावा लागतो, विचारावे लागते. आपल्या माणसांना लांबून बघणारे पुष्कळ झाले. आपल्याही कॅमेऱ्याने तेच करावे काय?

मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो सुधारक ओलवे यांनी काढले. त्यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. ते फोटो पाहिले की त्या कामगारांच्या वाट्याला आलेले काम आणि त्यांचे चेहरे एकदमच समोर येतात. गटारात उतरलेला माणूस लांबून काढला असता तर नुसता घाणीत उभा असलेला कुणीतरी दिसला असता.

म्हणून आम्ही घट्ट बसवलेल्या एकाच भिंगाचा, खिशात मावणारा कॅमेरा शोधू लागलो. यात झूम नाही आणि भिंग बदलताही येत नाही. हे काही नवे नव्हे. वडिलांच्या पिढीतला आगफा क्लिक थ्री असाच होता, एका रोलमध्ये बारा फोटो. नंतरचा हॉटशॉटही असाच. आताच्या या जातीच्या चांगल्या कॅमेऱ्यांत फिल्मच्या जागी असलेला सेन्सर फोनच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यामुळे कमी उजेडातही चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी आहे, तिथे हाच मोठा सेन्सर उपयोगी पडतो.

बाजारात बोलबाला फुजीफिल्मच्या एक्स-१०० मालिकेचा. भिंग ३५ मिलिमीटरच्या बरोबरीचे, डोळा लावून बघायची खिडकी, आवाज नगण्य. २०२४ साली आलेला एक्स-१०० सिक्स ४० मेगापिक्सेलचा आहे, पण किंमत लाखाच्या वर. ती ऐकून बैठकीत सगळे नुसते हसले. दुसरा रिकोचा जीआर. २०१९ चा जीआर थ्री २८ मिलिमीटरच्या बरोबरीचा, २०२१ चा थ्री-एक्स ४० च्या बरोबरीचा. त्याआधी २०१५ साली जीआर टू आला होता. १६ मेगापिक्सेल, वजन जेमतेम पाव किलो आणि अंगचाच फ्लॅश, जो थ्रीमध्ये काढून टाकला आहे. विहारातील संध्याकाळच्या मंगल परिणयाला फ्लॅश लागतोच. आम्ही जीआर टू घेतला, तोही वापरलेला.

१६ मेगापिक्सेल कमी नाहीत काय, असे मुलांनी विचारले. हिशेब करून दाखवला. भिंतीवर लावायची १० बाय १५ इंचांची कॉपी इंचाला ३०० ठिपके धरून छापली तर साडेतेरा मेगापिक्सेल लागतात. विहाराच्या भिंतीवर याहून मोठा फोटो बाबासाहेबांचा आणि तथागतांचा, बाकी कुणाचा लावायचा नाही असे आमचे ठरलेलेच आहे.

२८ मिलिमीटरचे भिंगही अंदाज बसला की सोपे आहे. साडेसहा फुटांवर उभे राहिले की समोरची आठ फूट रुंदी मावते, म्हणजे चटईवर बसलेले चार-पाच जणांचे कुटुंब. एकट्या माणसासाठी कॅमेरा उभा धरून आणखी जवळ जावे, पण चेहऱ्याला फार चिकटू नये, नाक मोठे दिसते. या कॅमेऱ्यात अंतर आधीच ठरवून ठेवता येते. ते दोन-अडीच मीटरवर ठेवले आणि उजेड चांगला असला, तर बटण दाबताच फोटो निघतो. मिरवणुकीत याचा फार उपयोग.

दोष आहेतच. बघायची खिडकी नाही, सांचीच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, हाताची सावली धरावी लागते. बॅटरी लवकर उतरते, दोन जवळ ठेवाव्यात. आणि धूळ. भिंग आतबाहेर होताना धूळ आत शिरते आणि सेन्सरवर बसते. म्हणून वापरलेला कॅमेरा घेताना आकडा एफ-१६ वर ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर तो घेऊ नये, कारण साफसफाईसाठी सगळा कॅमेरा उघडावा लागतो. आम्ही दोन कॅमेरे असे परत केले. विकणारा रागावला, रागावू द्या.

आता कॅमेरा कोषाध्यक्ष ताईंच्या कपाटात असतो आणि नेणाऱ्याची वहीत सही होते. यात्रेला तो एका नववीतल्या मुलीकडे दिला होता. म्हाताऱ्या बाया तिच्यापुढे लाजल्या नाहीत. प्रत्येकीला घरी आल्यावर एक कॉपी द्यायची, असा नियम आहे. कॉपीच्या पाठीमागे नाव, गाव आणि तारीख लिहायची. त्यासाठी मऊ पेन्सिल वापरावी, बॉलपेनची रेघ पुढे चेहऱ्यावर उमटते.