एका ग्राहकाची खरी किंमत

सांगलीत माझ्या जाऊबाईंचा गोडा मसाला आणि मेतकुटाचा उद्योग आहे. विक्री आमच्याच वेबसाइटवरून, महाराष्ट्रापुरती, जाहिरात इन्स्टाग्रामवर. हिशेब मी ठेवते. जाहिरातीच्या खात्यात एका ऑर्डरमागे 120 रुपये खर्च दिसतो. खरा खर्च त्याहून बराच जास्त आहे.

आमचा संच 400 रुपयांचा. माल, मजुरी आणि पॅकिंगचे 190, कुरिअरचे 70, उरतात 140. त्यातून 120 गेले तरी 20 सुटायला हवेत. पण जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी असतो आणि आम्ही कंपोझिशन योजनेत असल्यामुळे त्याची वजावट मिळत नाही. 120 चे 141 रुपये 60 पैसे होतात आणि नफा तिथेच संपतो.

जाहिरात बघून मागवणारे बहुतेक जण ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ निवडतात. दहातली दोन पार्सलं परत येतात. कुणी फोन उचलत नाही, कुणी दारातूनच नको म्हणतं. जाहिरातीचे पैसे मात्र दहाही ऑर्डरींचे जातात, 1416 रुपये. परतलेल्या पार्सलांचं जाण्यायेण्याचं कुरिअर 280. हे 1696 रुपये माल घेतलेल्या आठ घरांवर वाटले की ग्राहकामागे 212 पडतात. उरतात 140, म्हणजे पहिल्या ऑर्डरीत 72 रुपये तोटा.

शिवाय जाहिरातीचे पैसे कार्डावरून आधी कापले जातात, कुरिअरकडचे मागाहून येतात. नव्या धण्यांच्या खरेदीला रोख लागते, तेव्हा ही तफावत फार जड जाते. इन्स्टाग्रामवर जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो; दिवाळीत मोठ्या कंपन्याही त्यात उतरतात आणि जाहिरातीचा दर चढतो. नेहमीच्या ग्राहकाने जाहिरातीवर क्लिक करून मागवलं, तर तीही ऑर्डर जाहिरातीच्याच नावावर लागते. नाशिकची जाहिरात काही आठवडे थांबवली, तरी तिथल्या जुन्या घरांतून मागणी येतच राहिली.

आता पार्सल निघण्यापूर्वी जाऊबाई स्वतः फोन करून खात्री करतात. मसाला संपायच्या सुमारास आम्ही जुन्या घरांना व्हॉट्सॲपवर विचारतो. तशी आलेली ऑर्डर पूर्ण 140 रुपये देते. आठातली निदान पाच घरं एकदा तरी परतली, तरच पहिला तोटा भरून निघतो. म्हणून जाहिरातीला किती पैसे द्यायचे, हे आम्ही परतलेली घरं मोजून ठरवतो. मसाला भाजायला आणखी एक बाई ठेवायची की नाही, हेही त्यावरच ठरतं. पुन्हा न येणाऱ्या गिऱ्हाइकांच्या भरवशावर तिला पगार कबूल करणं मला पटत नाही.