रिपोर्ट नॉर्मल आल्यावर

दादांचा रिपोर्ट आज आला. एलडीएल कोलेस्टेरॉल ६२. अँजिओप्लास्टीआधी तो दीडशेच्या पुढे होता. "आता नॉर्मल आहे, मग गोळी बंद करू ना?" त्यांनी लगेच विचारलं. आकडा उतरला तो स्टॅटिनच्या गोळीमुळेच. ती थांबवली की काही आठवड्यांत तो पुन्हा चढतो. शिवाय एकदा हृदयविकार झालेल्या माणसाला कागदावरचं ‘नॉर्मल’ पुरत नाही. युरोपच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी ५५च्या खालचं लक्ष्य आहे. १९९४च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्ण होते. त्यांतल्या सिम्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. दादांनी तेलकट कमी केलंय हे चांगलंच, पण नुसत्या पथ्यावर एवढा फरक पडत नाही. स्टॅटिनच्या जोडीला एझेटिमाइब हे दुसरं औषध द्यायचं का, हे सोमवारी डॉक्टरांना विचारते. दादा मला अजून खूप वर्षं हवे आहेत.