खांदेरी

आपले नागपूर समुद्रापासून इतके दूर की तुमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र नकाशातच पाहिला असेल. पण सीताबर्डीची टेकडी तर पाहिली आहे ना? तिचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झाला. त्याच जातीचा दगड अरबी समुद्रातून डोके वर काढून उभा आहे. त्याचे नाव खांदेरी.

हे बेट रायगड जिल्ह्यातील थळ गावासमोर आहे. दोन लहान टेकड्या आणि मधला सखल भाग, एवढाच त्याचा पसारा. ना गाव, ना शेत. मग एवढ्याशा खडकासाठी लढाई का झाली? नकाशा उघडून पाहा. मुंबई बंदराच्या वाटेवरच ते बसले आहे. म्हणूनच 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी येथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा मुंबईचे इंग्रज अस्वस्थ झाले.

इंग्रजांची जहाजे मोठी, तोफाही मोठ्या. मराठ्यांच्या होड्या लहान, पण वल्ह्यांच्या. वारा पडला की शिडाचे जहाज जागीच अडकते. वल्ह्यांची होडी उथळ पाण्यातून निसटते. अशा होड्यांतून बेटावर माणसे आणि सामान पोहोचत राहिले. 18 ऑक्टोबर 1679 रोजी समोरासमोर गाठ पडली. मराठ्यांनी ‘डव्ह’ हे इंग्रजांचे गलबत पकडले, पण ‘रिव्हेंज’ या जहाजापुढे त्यांना मागे हटावे लागले. गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गाळतात, म्हणून मुद्दाम लिहितो. बांधकाम मात्र थांबले नाही. 1680 मध्ये इंग्रजांनीच माघार घेतली.

हे शिकवताना एका मुलाने दबक्या आवाजात विचारले, “सर, यात आपले कोणी होते का?”

होते. मराठा आरमाराचा सरदार दौलतखान या लढाईत आघाडीवर होता. आणि त्याच्या विरुद्ध कोण? जंजिऱ्याचा सिद्दी कासम! त्याने जानेवारी 1680 मध्ये शेजारचे उंदेरी बेट घेतले, आणि दौलतखानाने त्यावर तोफा डागल्या. नावावरून बाजू ओळखायला जाल, तर येथे फसाल. तो मुलगा मग उठून नकाशापाशी गेला आणि बोटाने खांदेरी शोधू लागला.

बेटावर 1867 साली बांधलेले दीपगृह आहे. 1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचे नाव मिळाले आणि 2025 मध्ये हा किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तेथे वेताळाचे देऊळ आहे, दाऊद पीराचा दर्गाही आहे. आणि एक मोठा दगड आहे. त्यावर लहान दगड आपटला की तो धातूच्या भांड्यासारखा खणखणतो. कधी गेलात, तर तो जरूर वाजवून पाहा.